अंदमानात सिम कुठलं चालतं? निपाणीच्या वहिनींना सविस्तर उत्तर

निपाणीच्या एका वहिनींनी विचारलं आहे. दसऱ्याच्या सुट्टीत घरातली सहाजणं अंदमानला निघाली आहेत. त्यांत पंचाहत्तरीचे सासरे आहेत, त्यांच्याकडं बटणाचा फोन. दीर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्याला सगळ्या दिवसांची रजा मिळालेली नाही. सहाही सिम एकाच कंपनीची. शेजारी सांगतात की तिकडं बीएसएनएलशिवाय काहीच चालत नाही. वहिनींचे प्रश्न असे : शेजाऱ्यांचं खरं का? हॉटेलचं वायफाय पुरेल का? आणि मार्चमध्ये नणंद बालीला जाणार आहे, तिलाही हेच लागू होतं का?

बेळगावातून सहली नेणं हा माझा धंदा आहे आणि त्यातला बराचसा वेळ लोकांच्या फोनच्या तक्रारी ऐकण्यात जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडक्यात. बीएसएनएल घ्यावंच लागतं अशी परिस्थिती आता नाही. पण सहा माणसांची सहाही सिम एकाच कंपनीची असणं ही तुमची खरी अडचण आहे. कंपनी कुठली हा प्रश्न त्यानंतरचा. घरात निदान एक सिम दुसऱ्या कंपनीचं करून घ्या, शक्यतो एअरटेल किंवा बीएसएनएलचं. वायफायच्या भरवशावर दिरांनी मीटिंग लावू नये, निदान हॅवलॉक आणि नील या बेटांवरच्या दिवसांत तरी. बालीचं गणित वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

सीमाभागातल्या माणसाला रोमिंग म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कोगनोळीची राज्यहद्द ओलांडून कागलकडं सरकलं की दुसऱ्या सर्कलचा, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या मोबाइल विभागाचा, मेसेज यायचा आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. बाचीच्या शेतात उभं राहिलं की माणूस कर्नाटकात आणि फोन शिनोळीच्या टॉवरवर, म्हणजे महाराष्ट्रात. कित्येक घरांत त्यासाठी दोन्हीकडची सिम असायची. देशातल्या देशातलं ते रोमिंग आता संपलं. त्यामुळं तुमचं सिम निपाणीच्या दुकानातलं आहे की कोल्हापूरच्या, याचा अंदमानात काडीचाही फरक पडत नाही. प्रीपेडही सरळ चालतं. काश्मीरला बाहेरचं प्रीपेड बंद पडतं आणि पोस्टपेडच लागतं, त्यावरून बऱ्याच जणांचा अंदमानबद्दलही तसाच समज झालेला असतो. तसं काही नाही. कस्टमर केअरला फोन लावलात तर मात्र पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्यावरही पहिल्यांदा कन्नडच ऐकू येईल.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं कुठून आलं ते बघा, कारण त्यातच बाकी सगळ्याचं उत्तर आहे.

बेटावर टॉवर उभा करणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं तो टॉवर मुख्य भूमीला जोडणं. चेन्नईपासून अंदमान समुद्रातून सुमारे साडेतेराशे किलोमीटर लांब. २०२० पर्यंत तिथलं जवळपास सगळं नेट उपग्रहावरून यायचं. तो उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. तुमचा संदेश वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार, त्यात अर्धा सेकंद जातोच. आणि मुळात जागा थोडी, वापरणारे फार. फोनवर रेंजच्या पाच कांड्या दिसायच्या आणि साधा फोटो जायचा नाही. घरात नळ कितीही मोठा बसवला, तरी राकसकोप धरणाहून येणारी पाईपच बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. त्या काळात सरकारी कंपनी म्हणून बीएसएनएलचे टॉवर दूरच्या बेटांवरही होते, खासगी कंपन्या पोर्ट ब्लेअरच्या आसपास. शेजाऱ्यांचा सल्ला त्या दिवसांतला आहे आणि तेव्हा तो शंभर टक्के बरोबर होता.

१० ऑगस्ट २०२० ला चेन्नई–अंदमान समुद्राखालची केबल सुरू झाली. सुमारे २,३०० किलोमीटर लांब, खर्च १,२२४ कोटींच्या घरात. पोर्ट ब्लेअरबरोबर ती हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार इथं पोचते. आता ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि तुमच्या सहलीच्या कार्यक्रमाशी ताडून बघा. हॅवलॉक आहे, नील नाही. निकोबारची तीन बेटं आहेत, पण तिकडं पर्यटक सहसा जात नाहीत. म्हणजे केबलचा थेट फायदा तुम्हाला मिळणार तो पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला. जिथं केबल स्वतः उतरत नाही, तिथला टॉवर शेजारच्या बेटाला कसा जोडलाय यावर सगळं अवलंबून.

म्हणून कांड्या मोजून काही कळत नाही. कांड्या म्हणजे तुमचा फोन आणि जवळचा टॉवर यांच्यातल्या सिग्नलचा जोर. टॉवरच्या पुढं काय आहे, ते त्या कांड्या सांगत नाहीत. एका कंपनीची फुल्ल रेंज असताना नेट मेलेलं आणि दुसऱ्या कंपनीच्या दोन कांड्यांवर व्हॉट्सॲप पळतंय, हे बेटावर रोजचं आहे. दोन कंपन्या हव्यात त्या याच कारणासाठी. सहा फोन, सहा हँडसेट, सहा रिचार्ज, पण कंपनी एक, तर नेट जाताना सगळ्यांचं एकदमच जाणार.

नावांचा घोळही इथंच सांगून टाकतो. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर एक, टॅक्सीवाल्याच्या तोंडी दुसरं. दोन्ही सासऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर धक्क्यावर ते म्हणतील आपल्याला स्वराजला नाही, हॅवलॉकला जायचंय.

आता सिम कुठलं. पोर्ट ब्लेअरमध्ये चारही कंपन्या आहेत, तिथं फार विचार करू नका. शहराबाहेर पडायचं असेल तर माझी पसंती एअरटेल आणि बीएसएनएल या जोडीला. घरात जिओ असेल तर ते राहू द्या, त्याच्या सोबतीला या दोघांपैकी एक घ्या. घरी बीएसएनएलचं जुनं सिम कपाटात पडलेलं असतंच आपल्याकडं, पण ते तसंच खिशात टाकून नेऊ नका. ते चालू आहे का ते आधी बघा, आणि चालू असलं तरी थ्रीजीच्या काळातलं असेल तर बीएसएनएलच्या ऑफिसात जाऊन फोरजीचं करून घ्या. बीएसएनएलनं देशभर स्वदेशी बनावटीचं फोरजी अधिकृतपणे सुरू केलं ते २७ सप्टेंबर २०२५ ला. जुन्या सिमवर ते पकडत नाही, आणि मग लोक बीएसएनएलला शिव्या घालत बसतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण दुकानदार ती नेहमी सांगत नाही. सिम बदललं, म्हणजे जुन्याचं नवं, मोठ्याचं छोटं किंवा साध्याचं ईसिम (चिपशिवायचं, फोनमध्येच उतरवायचं सिम) केलं, की त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद राहतात. जाणं-येणं दोन्ही. चोरांनी दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँक साफ करू नये म्हणून हा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हे काम केलंत, तर बेळगावच्या सांबरा विमानतळावर बसून ओटीपीची वाट बघावी लागेल. आणि तो नंबर बँकेशी, यूपीआयशी, आधारशी जोडलेला असेल तर झालंच. सिमचं काय करायचं ते निघायच्या निदान आठवडाभर आधी करा.

दुसरी कंपनी हवी म्हणून आहे तो नंबर पोर्ट करू नका. एकाच सर्कलमध्ये पोर्ट व्हायला कामाचे तीन दिवस जातात, सर्कल बदललं तर पाच. शिवाय सिम नुकतंच बदललेलं असेल तर सात दिवस पोर्ट करताच येत नाही. एवढी यातायात कशाला? नवं सिम घ्या, आधार दाखवून दहा मिनिटांत होतं. बहुतेक फोनमध्ये दोन सिमची जागा असतेच. नवं सिम तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या नावावरच, समोर बसून घ्या. ‘आधीच चालू करून ठेवलेलं’ सिम कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी नको. घ्यायचं ते इथंच घ्या. तिकडं पोचल्यावर सुट्टीतला अर्धा दिवस दुकान शोधण्यात घालवण्यात अर्थ नाही.

नवं सिम आल्यावर ते घरीच फोनमध्ये घालून एक फोन करून बघा आणि थोडं नेट वापरून बघा. दोन सिमच्या फोनमध्ये नेट कुठल्या सिमवरून घ्यायचं हे सेटिंगमध्ये निवडावं लागतं, हे घरात कुणाला तरी यायला हवं. तुमच्याकडं ते बहुधा पोरालाच येत असेल. त्याच्याकडून शिकून घ्या, कारण तो समुद्रात असताना तुम्हाला लागेल.

कुठं काय मिळेल याचा साधारण अंदाज देतो. पोर्ट ब्लेअर शहर, विमानतळ, अबर्डीन बाजार, सेल्युलर जेल : काही अडचण नाही. जेलमध्ये आपल्याकडची माणसं सावरकरांच्या कोठडीसमोरून घरी व्हिडिओ कॉल लावतातच, आणि १९५० साली त्यांना आपल्या बेळगावच्या तुरुंगातही ठेवलं होतं हे रांगेतला कुणीतरी हमखास सांगतो. जरूर लावा कॉल, फक्त कोठडीच्या दारात उभं राहून नको. मागं रांग असते आणि जाड भिंतीआड रेंज तशीही पडते. हॅवलॉकला धक्का आणि बाजाराचा भाग बरा. राधानगर किनाऱ्याकडं झाडीत शिरलं की रडतखडत. तिथं पोचून टॅक्सीवाल्याला फोन करू असं ठरवू नका. परत न्यायला कधी यायचं ते उतरतानाच त्याला सांगून टाका. नीलला काम चालतं म्हणायचं, त्यापुढं अपेक्षा नको.

बाराटांगला जाणार असाल तर तो दिवस नेटचा नाहीच असं समजा. जिरकाटांगच्या चौकीपासून गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाटेत थांबायचं नाही, आणि फोन तर काढायचाच नाही : तिथं जारवांचे फोटो काढणं, चित्रीकरण करणं गुन्हा आहे, १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली खटला होतो. मजा म्हणून खिडकीतून फोन धरणारा प्रत्येक बसमध्ये एक तरी असतो. तुमच्या पोराला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. त्यापुढं खाडी, खारफुटीतून होडी, चुनखडीच्या गुहा, तिथंही फार आशा नको. पहाटे निघून दुपार उलटेपर्यंत फोन लागणार नाही, हे आदल्या दिवशी निपाणीला घरी कळवा. ही एक गोष्ट केली नाही म्हणून किती सासू-सुनांचे बीपी वाढलेले मी बघितलेत! घरच्यांना ‘फोन करतो’ म्हणू नका, ‘उद्या चारपर्यंत फोन लागणार नाही’ असं वेळ सांगून म्हणा. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना आपण सांगतोच की, कणकुंबीच्या पुढं लागणार नाही म्हणून.

जहाजाचं तिकीट ही फोनपेक्षा मोठी गोष्ट, पण ती फोनमध्येच असते म्हणून इथं सांगतो. पोर्ट ब्लेअर–हॅवलॉक–नील या खासगी बोटींची तिकिटं ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येतात. धक्क्यावर एकाच वेळी दोन-तीन बोटींचे प्रवासी जमतात, सगळे एकाच टॉवरवर, आणि तिकीट उघडायला नेट नसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी तर दोन प्रती छापून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायला सांगतो. ओळखपत्रंही तशीच : मूळ आधार जवळ हवं, डिजिलॉकरच्या भरवशावर राहू नका.

आणि तिकीट काढताना नंबर कुणाचा दिलाय ते तपासा. ऑक्टोबरात तिकडं हवा बदलत असते, कमी दाबाचा पट्टा आला की बोटी रद्द होतात किंवा वेळ बदलते. तो मेसेज बुकिंगच्या नंबरवर जातो. तो नंबर एजंटचा असेल तर मेसेज त्याच्या बेळगावच्या खडेबाजारातल्या टेबलावर वाजतो आणि तुम्ही धक्क्यावर उभे. बुकिंगला आपला नंबर द्या, आणि तोही त्यातला, जो तिकडं चालणार याची तुम्हाला खात्री आहे.

पैशांचं बघा. यूपीआयची आता इतकी सवय झालीय की पाकिटात दोनशे रुपयेही नसतात. बेटावर भाजीवाल्यापासून होडीवाल्यापर्यंत क्यूआर कोड आहे, नेट मात्र दरवेळी नाही. तुमचं नेट असलं तर त्याचा ‘पैसे आले’ म्हणणारा डबा बोलत नाही, आणि डबा बोलल्याशिवाय तो तुम्हाला सोडत नाही. यूपीआय लाइट घरूनच चालू करून त्यात पैसे भरून ठेवा. एका वेळी हजार रुपयांपर्यंत त्यातून देता येतात, पिन लागत नाही, दर वेळी बँकेचा सर्व्हर मध्ये येत नाही म्हणून मंद नेटवरही बऱ्यापैकी उरकतं. नेट अजिबातच नसेल तर *९९# हा एक मार्ग आहे, तो नेटशिवाय चालतो. बँकेशी जोडलेल्या सिमवरूनच, आणि जरा वेळखाऊ. हे दोन्ही असलं तरी हॅवलॉक-नीलच्या सगळ्या दिवसांचं जेवण, रिक्षा आणि एक रात्र जास्त राहावं लागलं तर त्याचे पैसे एवढी रोकड पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. छोट्या बेटावर एटीएम असणं आणि त्यात नोटा असणं यांचा संबंध असतोच असं नाही.

सासऱ्यांच्या बटणफोनबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलंय, पण खरं सांगू का, सहाजणांत सगळ्यात निर्धास्त तेच असतील. तो साधा टूजीचा फोन असेल आणि त्यात एअरटेल किंवा बीएसएनएल असेल तर जिथं नेट चालत नाही तिथंही बोलणं होतं, आणि बॅटरी तीन-चार दिवस जाते. जिओकडं टूजी नाही, त्यांचा बटणफोन फोरजीच असतो, त्यामुळं तिथं हा फायदा मिळत नाही. काही असो, फोन त्यांच्याकडंच राहू द्या, वर सोबतीला स्मार्टफोन देऊ नका. रिचार्जची मुदत सहलीच्या मध्यावर संपत नाही ना ते बघा. एका कागदावर हॉटेलचं नाव, तुमचा आणि दिरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा. धक्क्यावरच्या गर्दीत चुकामूक झाली तर तो कागद कुणीही वाचेल. हिंदी तिथं सगळ्यांना येतं.

आता दीर. त्यांनी कंपनीला ‘तिकडून काम करतो’ असं सरसकट सांगून ठेवलं असेल तर ते आधी दुरुस्त करावं. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात फायबर असेल तर कॉल, मेल, फाइली सगळं जमतं. हॉटेलला ‘वायफाय आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘फायबर आहे का, खोलीत येतं की फक्त रिसेप्शनला, आणि लाइट गेल्यावर राउटर चालू राहतो का’ असं विचारा. तिथली वीज मोठ्या प्रमाणात डिझेलच्या जनरेटरवर होते, मध्येच जाणं नवलाचं नाही. आणि मीटिंग असलेले दिवस पोर्ट ब्लेअरला येतील असा कार्यक्रम आत्ताच फिरवून घ्या. सहसा पहिला आणि शेवटचा दिवस तिथंच असतो. हॅवलॉकला पहाटे पाच-सहाच्या सुमाराला नेट सगळ्यात मोकळं असतं, अवजड फाइल चढवायची तर तेव्हा. संध्याकाळी सगळं बेट किनाऱ्यावरचे व्हिडिओ पाठवत असतं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज ठेवला तर बऱ्याचदा निभावतं.

बाकीच्यांनी घरी असतानाच हे करून घ्यावं : व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, फोटोंचा बॅकअप बंद करा, ॲपचे अपडेट बंद करा. नाहीतर तिथल्या बारीक नेटवर पहिला हक्क भावकीच्या ग्रुपवरच्या शुभ सकाळचा लागतो आणि बोटवाल्याचा मेसेज मागं राहतो. गूगल मॅपमध्ये दक्षिण अंदमान आणि हॅवलॉकचा नकाशा उतरवून ठेवा, तो नेटशिवाय चालतो. फोन फाइव्हजी शोधत बसला की बॅटरी खातो, तिकडं फोरजीवर ठेवलेला बरा. कांड्या आहेत पण काही हलत नाही असं झालं, तर विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. फोन नव्यानं टॉवर शोधतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंत नेता येते. बाजारातली नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे चालते. बोटीत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, फोन गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. आणि *#०६# दाबून सगळ्या फोनचे आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा ओळखक्रमांक, वहीत लिहून घ्या, फोन हरवला तर तो बंद करायला हाच नंबर लागतो.

लक्षद्वीपचं तुम्ही विचारलेलं नाही, पण अंदमान झालं की पुढच्या वर्षी तोच प्रश्न येतो. तिथंही आधी उपग्रहच होता. कोचीपासून ११ बेटांना जोडणारी केबल ३ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. तिथली जुनी नावं बीएसएनएल आणि एअरटेल. प्रवेशाचा परवाना मात्र आधी लागतो, सिम नंतर. मुंबईहून क्रूझनं गेलात तर एक सावधगिरी : भर समुद्रात काही मोठ्या जहाजांवर जहाजाचाच टॉवर असतो, उपग्रहावर चालणारा, आणि तुमचा फोन विचारल्याशिवाय त्याला चिकटतो. तो दर देशातल्या पॅकमध्ये बसत नाही. किनारा दिसेनासा झाला की फोन विमान मोडवर टाका, वायफाय हवं तर तेवढं वेगळं चालू करा. उलट मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला गेलात तर हा प्रश्नच नाही. समुद्रावर अडथळा नसल्यानं किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज आत बरीच लांब पोचते, साध्या टूजीची तांत्रिक मर्यादासुद्धा ३५ किलोमीटर आहे आणि नेत्राणी त्याच्या आत येतं. मिळते ती डेकवर, होडीच्या पोटात नाही.

आता नणंदेची बाली.

तिथं आपलं सिम चालवायचं तर आंतरराष्ट्रीय रोमिंगचं पॅक लागतं, नाहीतर तिथलं सिम किंवा ईसिम घ्यावं. माझा सल्ला : भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यायचं, पण त्यावरचं डेटा रोमिंग बंद, नुसते बँकेचे ओटीपी यायला. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत. फक्त त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यायचं, आणि ते भारतात असतानाच, तिकडं पोचल्यावर नाही. नेटसाठी दुसरीकडं ईसिम. फोनमध्ये ईसिमची सोय आहे का ते तेच *#०६# दाबून कळतं. यादीत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर आहे. प्रवासी ईसिम इथूनच विकत घेऊन घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून ठेवता येतं, विमानातून उतरल्यावर चालू करायचं. बहुतेक ईसिमवर नुसतं नेट मिळतं, बोलण्याचा नंबर मिळत नाही. व्हॉट्सॲप कॉल चालतात म्हणून कुणाचं अडत नाही.

ईसिम नसेल तर विमानतळावर कंपनीच्याच काउंटरवर पासपोर्ट दाखवून पर्यटकांचं सिम घ्यायला सांगा, रस्त्यावरच्या टपरीवर नको. इंडोनेशियात फोनचा आयएमईआय नोंदलेला नसेल तर तिथलं सिम काही दिवसांनी बंद पडतं. पर्यटक सिमला ९० दिवसांची सूट मिळते ती रीतसर घेतलं तरच. फोन दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणून दिलेला असेल तर तो एकाच कंपनीला लॉक केलेला नाही ना, हे निपाणीतच दुसरं सिम घालून बघा. आपल्याकडची कित्येक घरं आखाताशी जोडलेली, त्यामुळं असे फोन आपल्याकडं पुष्कळ.

आणि तारखा. मार्च म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितो. बालीत न्येपी नावाचा मौनाचा दिवस असतो, तिथल्या शकाच्या वर्षाचा पहिला दिवस. कधी तो आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतो, कधी महिनाभर आधी. २०२६ साली दोन्ही एकाच दिवशी, १९ मार्चला. त्या दिवशी २४ तास बालीचा विमानतळ बंद, रस्त्यावर कुणीही फिरायचं नाही, हॉटेलच्या बाहेर पर्यटकानंही पाऊल टाकायचं नाही. आणि २०१८ पासून त्या दिवशी मोबाइलचं नेटही बंद ठेवतात, कुठल्याही कंपनीचं, ईसिम असो की रोमिंग. हॉटेलचं वायफाय चालू ठेवतात का ते आधी विचारून घ्यावं. नणंदेच्या तिकिटात हा दिवस येत असेल तर विमान त्या दिवसाचं किंवा आदल्या रात्री उशिराचं नको, खायचं-प्यायचं हॉटेलात आहे ना ते बघून ठेवायचं, आणि तुम्हाला निपाणीला त्या दिवशी तिचा व्हॉट्सॲप कॉल लागेलच असं नाही हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.